डेन्व्हर ते बोका रॅटन: फरक दाखवायचा कुणी, पुसायचा कुणी? (ओबामा-रॉम्नी, २०१२)

अटकेपार

पावसाचं पाणी साठवण्याच्या धाग्यावर 'डिबेट जिंकतो तोच निवडणूक जिंकतो' असं एकाने ठोकून दिलं आणि मग तिथे जे व्हायचं ते झालं. पाण्याच्या टाक्यांना त्यांच्या जागी राहू द्या, म्हणून हा वेगळा धागा.

अमेरिकी अध्यक्षपदाच्या लढतींमध्ये डिबेटच्या डावपेचांसाठी मला २०१२ सगळ्यात शिकवणारी वाटते. २०१६ आणि २०२४ मध्ये स्वभावांचाच गदारोळ एवढा होता की धोरणं शोधायला भिंग घ्यावं लागलं असतं. २०१२ मध्ये खुर्चीवरचे डेमोक्रॅट ओबामा आणि आव्हान देणारे रिपब्लिकन रॉम्नी, दोन्हीकडे आकडे तोंडपाठ असलेली माणसं होती. तरीही तिन्ही डिबेटमधला खरा झगडा आकड्यांचा नव्हता. आपल्या दोघांत फरक किती ठळक दिसू द्यायचा, याचा होता.

माझं म्हणणं असं: मंदीतून पुरता न सावरलेला देश, आणि तुम्ही खुर्चीवर. अशा वेळी निवडणुकीचा प्रश्न 'यांच्यावर खूश आहात का?' असा झाला की तुम्ही गेलात. तो 'हे की ते?' असाच राहिला पाहिजे. आव्हान देणाऱ्याचं बरोबर उलटं. नाराजी आयती तयार आहे, त्याला फक्त 'मी काही भलतासलता नाही' एवढं पटवायचंय. म्हणून फरक दाखवणं ही ओबामांची गरज होती आणि तो पुसणं ही रॉम्नींची.

बेरोजगारी फेब्रुवारी २००९ पासून सलग ८ टक्क्यांच्या वर होती. ओबामांच्या माणसांनी उन्हाळाभर जाहिरातींचा पैसा एकाच कामावर ओतला: रॉम्नींची गुंतवणूक कंपनी बेन कॅपिटल, बंद पडलेले कारखाने, देशाबाहेर गेलेल्या नोकऱ्या. रॉम्नी कोण आहेत हे रॉम्नींनी सांगायच्या आत आपण सांगून मोकळं व्हायचं. त्यात १७ सप्टेंबरला ती ४७ टक्केवाली चित्रफीत बाहेर आली. मे महिन्यात फ्लोरिडातल्या बोका रॅटनमध्ये देणगीदारांपुढे रॉम्नी बोलून गेले होते की ४७ टक्के लोक काहीही झालं तरी ओबामांनाच मत देणार, ते सरकारवर अवलंबून असतात आणि स्वतःला बळी समजतात. विरोधकाच्या हातात याहून चांगलं कोलीत कुणी दिलं असेल?

आणि ३ ऑक्टोबरला डेन्व्हरमध्ये ओबामांनी त्या ४७ टक्क्यांचं नावसुद्धा काढलं नाही. नव्वद मिनिटांत एकदाही नाही. बेन कॅपिटलचंही नाही.

त्या रात्रीबद्दल सगळे बोलतात ते ओबामांच्या मरगळीबद्दल. खाली बघून टिपणं काय काढत होते, ओठ काय मुडपत होते, लग्नाचा विसावा वाढदिवस होता म्हणून घरी जायची घाई होती का, वगैरे. वाहिन्या दोघांचे चेहरे शेजारी शेजारी दाखवत होत्या. त्यामुळे रॉम्नी तावातावाने बोलताहेत आणि राष्ट्राध्यक्षांची मान खाली, हे दृश्य सुमारे ६ कोटी ७० लाख लोकांनी पाहिलं. हे सगळं खरंच. पण चित्र बंद करून नुसता मजकूर वाचलात तरी ओबामा हरलेलेच दिसतात, आणि मला तो भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

रॉम्नींनी काय केलं बघा. ओबामा म्हणाले, तुमची करकपात ५ लाख कोटी डॉलरची आहे. रॉम्नी म्हणाले, अशी कपात मी मांडलेलीच नाही, आणि श्रीमंतांचा कराचा वाटाही कमी करणार नाही. नियमनाचा विषय निघाला तर म्हणाले, नियमांशिवाय बाजार चालेलच कसा? आरोग्यविम्यावर म्हणाले, आधीपासून आजार असलेल्यांची सोय माझ्याही योजनेत आहे. (ती सोय ज्यांचा विमा मध्ये खंडित झाला नाही अशांपुरती होती, पण ते त्या रात्री कोण विचारणार?) फेब्रुवारीत स्वतःला कडवा कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवणारा उमेदवार ऑक्टोबरात पूर्वीसारखा मॅसॅच्युसेट्सचा मवाळ गव्हर्नर होऊन हजर झाला. ओबामांची तयारी पहिल्याशी लढायची होती. समोर दुसराच उभा.

त्यावर ओबामांनी काय करावं? सोशल सिक्युरिटीवर (सरकारी निवृत्तिवेतनावर) प्रश्न आला तेव्हा ते आपण होऊन म्हणाले की या बाबतीत आमच्या दोघांच्या भूमिका बऱ्याचशा सारख्या असाव्यात. डेमोक्रॅट उमेदवाराच्या हातातलं हुकमाचं पान म्हणजे सोशल सिक्युरिटी. ते त्यांनी स्वतःच पालथं घातलं! मेडिकेअरवर (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यावर) मात्र त्यांना थोडा वेळ सूर सापडला होता. तुम्ही ५४-५५ वर्षांचे असाल तर जरा कान देऊन ऐका, कारण रॉम्नींचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार रायन यांच्या योजनेचा फटका तुम्हाला बसणार आहे, असं ते म्हणाले. वय सांगून माणसाला खुर्चीत सरळ बसवणारं ते वाक्य. पण तसं दुसरं सापडत नाही. बाकी सगळं 'अर्थतज्ज्ञ म्हणतात', 'अभ्यास सांगतो'. आणि गंमत म्हणजे बोलायला वेळ ओबामांनाच जास्त मिळाला, जवळपास चार मिनिटं.

तयारीचा मुद्दाही आहेच. रॉम्नी प्रायमरीतल्या (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या फेरीतल्या) ढीगभर डिबेट नुकत्याच करून आले होते, शिवाय रॉब पोर्टमन यांना ओबामा करून त्यांचा सराव सुरू होता. ओबामा चार वर्षांत कुणाशी समोरासमोर भांडलेच नव्हते. राष्ट्राध्यक्षाला 'तुम्ही चुकताय' असं तोंडावर म्हणणारे असतात कितीसे? नेवाडात हेंडरसनला जॉन केरींना रॉम्नी करून सराव चालला होता, तिथून एका स्वयंसेवकाशी फोनवर बोलताना 'हे लोक मला गृहपाठ करायला लावताहेत' अशी कुरकूर त्यांनी केली. कॅमेऱ्यासमोर.

१६ ऑक्टोबरला हॉफस्ट्रा विद्यापीठात दुसरी डिबेट झाली, सामान्य मतदारांनी प्रश्न विचारायची. पहिल्या काही मिनिटांतच ओबामा म्हणाले, गव्हर्नर रॉम्नींची पाच कलमी योजना वगैरे काही नाही, एकच कलम आहे: वरच्यांना वेगळे नियम. हा झाला फरक, एका वाक्यात आणि आकड्याशिवाय. ४७ टक्के त्यांनी शेवटच्या उत्तरासाठी राखून ठेवले होते. शेवटचा प्रश्न दोघांनाही होता, तुमच्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज कोणता? रॉम्नी आधी बोलले, आणि बोलता बोलता 'मला शंभर टक्के अमेरिकनांची काळजी आहे' म्हणून गेले. मग ओबामांनी ४७ काढले. रॉम्नींना उत्तर द्यायची पाळीच उरली नव्हती.

तीन दिवसांनी व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सच्या सभेत 'रॉम्नेशिया' हा शब्द आला. आपलीच जुनी भूमिका विसरण्याचा आजार. टवाळी वाटते, पण डेन्व्हरमध्ये जे उत्तर सुचलं नव्हतं ते हेच. समोरचा फरक पुसत असेल तर त्याच्या पुसण्यालाच मुद्दा करायचं.

२२ तारखेची तिसरी डिबेट, विषय परराष्ट्र धोरण, गाव नेमकं तेच बोका रॅटन. तिथे रॉम्नींनी पुसण्याची हद्दच केली. ड्रोन हल्ल्यांना पाठिंबा, अफगाणिस्तानातून २०१४ अखेर माघार मान्य, सीरियात सैन्य नको. निम्मी डिबेट 'मीही तेच म्हणतो' यात गेली. नौदल १९१७ नंतर सगळ्यात लहान झालंय, असं म्हणून त्यांनी एकदा चिमटा काढायला पाहिलं, त्यावर ओबामांचं उत्तर: आपल्याकडे घोडे आणि संगिनीही कमी झाल्यात.

निकाल, राज्यवार इलेक्टोरल मतांत, ओबामा ३३२, रॉम्नी २०६. लोकांची मतं ५१.१ आणि ४७.२ टक्के. हो, ४७!

आता बोला. डेन्व्हरमध्ये ओबामा हरले ते चेहऱ्यामुळे की मजकुरामुळे?

सांजवारा

मस्त धागा. वय सांगून सरळ बसवणाऱ्या वाक्याबद्दल अगदी सहमत. पण मला एक कळत नाही, त्या ५ लाख कोटींवर दोघे एवढे भांडले, एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाहीच. मग खरं कोण बोलत होतं?

हिशेबनीस

@सांजवारा, दोघंही. म्हणून तर भांडण रंगलं.

रॉम्नींनी जाहीर केलं होतं की आयकराचे सगळे दर सरसकट एक पंचमांशाने कमी करणार. ३५ चा २८, १० चा ८. वारसा कर रद्द, कंपन्यांचा कर ३५ वरून २५. टॅक्स पॉलिसी सेंटर या अभ्याससंस्थेने नुसत्या कपातीचा हिशेब मांडला, त्याची दहा वर्षांची गोळाबेरीज ५ लाख कोटींच्या घरात जाते. ओबामांचा आकडा हा. रॉम्नी म्हणत, मी तितक्याच सवलती आणि वजावटी बंद करून भरपाई करणार, म्हणजे निव्वळ कपात शून्य. मुद्दा बिनतोड, फक्त कुठल्या वजावटी बंद करणार ते सांगायचं नाही! ऑगस्टमध्ये त्याच संस्थेने दाखवलं की वर्षाला २ लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांच्या जितक्या काढता येतील तितक्या सगळ्या सवलती काढल्या तरी ८,६०० कोटी डॉलरचा खड्डा उरतो, आणि तो खालच्यांकडूनच भरावा लागेल. डेन्व्हरमध्ये रॉम्नींचं उत्तर, तुमच्या एका अभ्यासाविरुद्ध माझ्याकडे सहा अभ्यास आहेत.

मग म्हणाले, वजावटीला एक मर्यादा घालू, २५ हजार धरा, ५० हजार धरा, काहीतरी आकडा धरा. मी तेव्हा न्यू जर्सीत होतो. त्या रात्री स्वतःचं शेड्यूल ए (वजावटींचा फॉर्म) काढून बसलो. घरकर्जाचं व्याज, प्रॉपर्टी टॅक्स आणि स्टेट टॅक्स, तिघांतच २५ हजार ओलांडून वर. दर घटल्याचा आनंद करायचा की वजावट गेल्याचं सुतक पाळायचं हे ठरवायला मला दोन रकाने आखावे लागले. रिपब्लिकन शेजाऱ्याला ते दाखवले. तो शांतपणे म्हणाला, 'अरे तो बेनवाला आहे, बसवेल बरोबर.'

तेव्हा माझ्या लक्षात आलं की रॉम्नींचं धोरण न सांगणं हेच धोरण होतं. तपशील दिला असता तर प्रत्येक वजावटीमागचा मतदार उठला असता: घरवाले, चर्चला देणग्या देणारे, जास्त करांच्या राज्यांतले. सप्टेंबरच्या अधिवेशनात बिल क्लिंटन 'अंकगणित' हा एकच शब्द वापरून हेच सांगून गेले होते. ओबामांना चार मिनिटं जास्त मिळूनही ते जमलं नाही.

खडूसकाका

लेख छान, निष्कर्ष फुगवलेला.

डेन्व्हरनंतर गॅलप या जनमत चाचणीवाल्यांनी विचारलं तेव्हा ७२ टक्के म्हणाले रॉम्नी सरस, २० टक्के म्हणाले ओबामा. इतका एकतर्फी कौल क्वचितच मिळतो. प्यूच्या चाचणीत सप्टेंबरमध्ये ओबामा ८ ने पुढे होते, डेन्व्हरनंतर ४ ने मागे. बारा टक्क्यांची उलथापालथ एका रात्रीत? आणि महिन्याभरात सगळं पुन्हा जिथल्या तिथे?

यावर एक्सबॉक्स खेळणाऱ्यांच्या रोजच्या पाहणीवरून संख्याशास्त्रज्ञ गेलमन आणि मंडळींनी काम केलंय. तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा उत्तरं देत होती, त्यामुळे कोण खरंच फिरलं ते तपासता आलं. फिरलेले फारच थोडे. बदललं होतं ते उत्तर कोण देतंय हे. आपला माणूस मार खाऊन आला की त्याचे समर्थक पाहणीवाल्याशी बोलायला उत्सुक नसतात, समोरचे मात्र हौसेने बोलतात. मत नाही बदललं, मूड बदलला.

२००४ मध्ये डिबेट केरींनी जिंकल्या, २०१६ मध्ये हिलरींनी, सप्टेंबर २०२४ मध्ये फिलाडेल्फियात कमला हॅरिस यांनी. तिघांपैकी व्हाइट हाऊसमध्ये कोण गेलं? तुमचं दाखवणं-पुसणं वाचायला छान आहे, निवडणूक त्याने ठरत नाही.

अटकेपार

काका, डिबेटने निवडणूक ठरते असं मी म्हटलेलंच नाही. ते पाण्याच्या टाकीवाले म्हणाले होते. माझा प्रश्न डावपेचाचा आहे, कुणाला काय करावं लागतं आणि का.

एक्सबॉक्सचा मुद्दा बिनचूक आहे, पण तो माझ्याच बाजूने वापरता येतो. समर्थक गप्प बसले ते का? ज्या फरकासाठी ते तुमच्या मागे आहेत तो तुम्ही बोलूनच दाखवला नाहीत म्हणून. आणि गप्प बसलेला समर्थक म्हणजे देणगी न देणारा, दारोदार न फिरणारा स्वयंसेवक.

खुर्चीवरच्या माणसाची पहिली डिबेट पडते हा प्रकार जुनाच आहे. १९८४ मध्ये लुईव्हिलला रेगन इतके अडखळले की त्यांचं वय हा मुद्दा झाला. दोन आठवड्यांनी कॅन्सस सिटीत ७३ वर्षांच्या रेगननी प्रतिस्पर्ध्याच्या 'कोवळ्या वयाचा आणि अननुभवाचा' राजकीय फायदा घेणार नाही असं सांगितलं, ५६ वर्षांचे मॉन्डेलही हसले आणि विषय संपला. पुढे रेगननी ४९ राज्यं जिंकली. २००४ ला बुश पहिल्या डिबेटमध्ये वैतागलेले दिसले, तेही निवडून आले. २७ जून २०२४ ला अटलांटात बायडन यांचं जे झालं ते मात्र सावरलं नाही, २१ जुलैला माघार. तिथे दाखवायला फरक शिल्लकच नव्हता, कारण लोक धोरण ऐकतच नव्हते.

टोलेडोकर

तुम्ही सगळे टीव्हीच्या खोलीतून बोलताय. मी तेव्हा ओहायोत टोलेडोला होतो, जीपचा कारखाना गाडीने दहा मिनिटांवर. स्थानिक बातम्यांत हवामान आणि खेळ यांच्या मध्ये फक्त या दोघांच्या जाहिराती. एक संपली की तिला उत्तर देणारी लगेच. माझी मुलगी तेव्हा लहान होती, तिला 'आय अप्रूव्ह धिस मेसेज' हे दोन्ही आवाजांत म्हणता यायचं.

डेन्व्हर झालं, आमच्या गल्लीत काडीचा फरक पडला नाही. इथे फरक २००८ मध्येच ठरला होता. रॉम्नींचा न्यू यॉर्क टाइम्समधला लेख, शीर्षक 'लेट डेट्रॉइट गो बँकरप्ट'. शीर्षक वर्तमानपत्राने दिलं असेल, आतमध्ये नियोजित दिवाळखोरीचा मुद्दा नीट मांडलाही असेल. पण गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या माणसाला ते चार शब्द पुरतात. ओबामांनीही क्रायस्लर आणि जीएमला दिवाळखोरीतूनच नेलं, हे रॉम्नी हॉफस्ट्रात सांगत होते आणि ते खरंही होतं. फरक एवढाच की त्या काळात कर्ज द्यायला खाजगी बँका तयार नव्हत्या, पैसा सरकारने घातला. हा एवढा तपशील डिबेटमध्ये मावत नाही, पण युनियन हॉलमध्ये बरोबर मावतो.

मग २५ ऑक्टोबरला रॉम्नी इथून जवळच डिफायन्सला आले आणि म्हणाले, जीप आपलं सगळं उत्पादन चीनला हलवायच्या विचारात आहे असं वाचलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्यांना नातेवाइकांचे फोन. क्रायस्लरने लगेच खुलासा केला की चीनमध्ये चीनसाठी गाड्या बनवणार, इथलं काही हलत नाही. तरी त्याच धर्तीची जाहिरात टोलेडोत लागली. माझ्या मते डेन्व्हरमध्ये कमावलेलं ओहायोत तिथेच घालवलं. फरक पुसायला निघालेल्या माणसाने आपणच जाऊन २००८ ची आठवण करून दिली.

खडूसकाका

@टोलेडोकर, हा खरा प्रतिसाद. मान्य.

बेएरियावाली

धोरणांतला फरक म्हणताय तर आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय राहिलाच. हॉफस्ट्राची डिबेट आम्ही पाच-सहा जणी बघत होतो, सगळ्या एच-१बी नाहीतर ओपीटीवर (तात्पुरत्या नोकरी-परवान्यांवर), आणि निम्म्यांचं लक्ष फोनमध्ये. रॉम्नी म्हणाले, विज्ञान-गणितात पदवी घेणाऱ्यांच्या प्रमाणपत्राला ग्रीन कार्ड स्टेपल करून देऊ. सगळ्या माना एकदम वर! एक जण म्हणाली, माझी डिग्री पुण्यात आईच्या कपाटात आहे, स्टेपलर कुरिअर करू का?

पण गंमत अशी की या मुद्द्यावर फरक नव्हताच. अमेरिकेत उच्च पदवी घेणाऱ्यांना थांबवून घ्या असं ओबामाही म्हणत होते. फरक होता तो लहानपणी कागदपत्रांशिवाय आलेल्यांच्या बाबतीत. ओबामांनी जूनमध्ये डाका (अशांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण) आणलं होतं, रॉम्नी प्रायमरीत 'लोक आपणहून परत जातील' असं बोलून बसले होते. एक्झिट पोलमध्ये लॅटिनो मतं ७१-२७ अशी ओबामांकडे गेली. ज्या मुद्द्यावर फरक दिसला तिथे मतं हलली. ज्यावर एकमत होतं त्याचं काय झालं? निवडणुकीनंतर नोव्हेंबर अखेरीस हाऊसने (कनिष्ठ सभागृहाने) स्टेमवाल्यांसाठी, म्हणजे विज्ञान-गणितवाल्यांसाठी, ग्रीन कार्डचं विधेयक मंजूर केलं, पण त्याच्या बदल्यात व्हिसा लॉटरी बंद करायची अट घातली. सिनेटमध्ये ते अडलं ते अडलंच. नोकरीवर मिळणारी वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं आणि त्यात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, हे गणित तसंच राहिलं. भारतीयांची रांग आहे तिथेच.

तेव्हापासून दोन्ही उमेदवार एखाद्या गोष्टीवर सहमत दिसले की मला धडकीच भरते.

चिंचपेटी

हॉफस्ट्राबद्दल बोलताय आणि सूत्रसंचालक कँडी क्राउलींचं नाव कसं नाही? लिबियात बेनगाझीच्या अमेरिकी राजनैतिक कार्यालयावरचा हल्ला हा दहशतवाद होता असं म्हणायला ओबामांना चौदा दिवस लागले, असं रॉम्नी म्हणाले. ओबामा नुसते 'चालू द्या, गव्हर्नर' म्हणून स्टुलावर बसून राहिले. आणि क्राउली मध्ये पडून म्हणाल्या, नाही, ते म्हणाले होते. सूत्रसंचालकच पंच होऊन निकाल द्यायला लागला तर कसली डिबेट?

अटकेपार

@चिंचपेटी, त्या पुढे हेही म्हणाल्या की एका इस्लामविरोधी चित्रफितीवरून उसळलेला दंगा ही कहाणी खोटी ठरायला दोनेक आठवडे लागले, म्हणजे रॉम्नींच्या मुद्द्यात तथ्य आहे. ते वाक्य कुणाच्या लक्षात नाही, कारण तोवर ओबामांनी 'कँडी, जरा मोठ्याने सांगाल का?' म्हणून टाळ्या घेतल्या होत्या.

माझ्या दृष्टीने चूक रॉम्नींची. हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ सप्टेंबरला, ओबामा व्हाइट हाऊसच्या रोझ गार्डनमध्ये दहशतवादी कृत्यांबद्दल बोलले होते. ते बेनगाझीला उद्देशून होतं की सर्वसाधारण, यावर तासभर वाद घालता आला असता आणि त्यात रॉम्नी वरचढही ठरले असते. राजनैतिक कार्यालयाची सुरक्षा, राजदूतासह चौघांचा मृत्यू, सरकारची बदलती विधानं, एवढं सगळं हाताशी होतं. ते सोडून त्यांनी एका शब्दाच्या तारखेवर सगळं पणाला लावलं. समोरचा शांतपणे 'चालू द्या' म्हणतो तेव्हा थांबावं, एवढं कुठल्याही वकिलाला कळतं.

चिंचपेटी

ते ठीक, पण दोन्ही उमेदवार समोर उभे असताना ते सिद्ध करणं ओबामांचं काम होतं. पुढे हेच लोण पसरलं. २०२४ मध्ये सीएनएनने जूनमध्ये अजिबात मध्ये पडायचं नाही असं ठरवलं, सप्टेंबरमध्ये एबीसीच्या दोघांनी ट्रम्प यांची विधानं जागच्या जागी खोडली, आणि मग आठवडाभर चर्चा धोरणांची नाही, एबीसीची.

तिरकस

आणि रशियाचं काय? मार्चमध्ये रॉम्नींनी रशियाला अमेरिकेचा क्रमांक एकचा भूराजकीय शत्रू म्हटलं होतं. बोका रॅटनमध्ये ओबामांनी त्यावरून खिल्ली उडवली, १९८० चं दशक आपलं परराष्ट्र धोरण परत मागतंय म्हणून. हॉल खूश, ट्विटर खूश. २०१४ ला क्रिमिया, २०२२ ला युक्रेन. डिबेट कोण जिंकलं होतं म्हणालात?

खडूसकाका

अरे वा, तिरकसराव, इतक्या वर्षांनी गुण वाढवून मागताय! पण त्याच रात्री रॉम्नी चीनला पहिल्याच दिवशी चलनाशी खेळणारा देश जाहीर करणार होते. सगळी पुस्तकं एकदम उघडा, सोयीचं पान काढू नका.

मावळतीचा_घाट

आपल्याकडे असं दोन उमेदवारांना समोरासमोर उभं करून नव्वद मिनिटं धोरणांवर का बोलवत नाहीत?

बेएरियावाली

@मावळतीचा_घाट, वेगळा धागा काढा प्लीज, नाहीतर इथलं पाणीही टाकीत जाईल.

सांजवारा

@हिशेबनीस, एक शेवटचा प्रश्न. रॉम्नींचे २८ टक्के तर गेले. ओबामा अडीच लाखांच्या वर कर वाढवणार म्हणत होते, तो तरी वाढला का?

हिशेबनीस

अर्धामुर्धा. बुशकालीन सगळ्या करसवलती ३१ डिसेंबर २०१२ ला आपोआप संपणार होत्या, त्यामुळे ओबामांनी हटून बसायचं ठरवलं असतं तर नुसतं काही न करूनही दर वर गेले असते. इतका भक्कम हात असूनही जानेवारी २०१३ मध्ये तडजोड झाली ती ४ लाखांवर, जोडप्यांसाठी साडेचार लाखांवर. त्याच्या वर ३५ चा पुन्हा ३९.६ टक्के. म्हणजे अडीच ते साडेचार लाखांमधली जी डॉक्टर, इंजिनिअर मंडळी वर्षभर दोन्ही बाजूंच्या भाषणांत 'श्रीमंत' म्हणून गाजली, ती अलगद सुटली. बाकीच्या तुमच्याआमच्यांचा पगारावरचा सोशल सिक्युरिटी कर मात्र ४.२ वरून परत ६.२ झाला, कारण तात्पुरती सूट संपली. जानेवारीच्या पहिल्या पे-स्टबवर ते दिसलं. तिन्ही डिबेटमध्ये त्यावर कुणी भांडलेलं मला आठवत नाही.